मोरूभाऊंच्या दिवादांड्या

मोरूभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी आरशावर टॉवेल टाकतात. "काय, बरं हाय ना?" हे नंतर. चहा नंतर. चपला तर कधी कधी त्याहूनही नंतर. टॉवेल त्यांच्याच खांद्यावरचा असतो, त्यामुळे घरच्यांना तक्रारीला जागा राहत नाही. काम झालं की चोराला कोठडीत टाकून आलेल्या हवालदारासारखे ते आरशाकडे एकदा बघतात आणि मग खुर्चीवर टेकतात.

आम्ही बोईसरला राहायला आलो त्या दिवशी सकाळीच हा प्रकार माझ्या वाट्याला आला. टेम्पोतून उतरवलेलं कपाट हमालांनी नुकतंच हॉलमध्ये ठेवलं होतं. कपाटाच्या दाराला उभा आरसा, माझ्या सासऱ्यांनी हौसेने लावून दिलेला. एवढ्यात समोरच्या ब्लॉकमधून एक उंच, काटकुळे गृहस्थ आले. अर्धी विजार, बनियन, खांद्यावर लाल टॉवेल आणि गळ्यातल्या चष्म्याच्या दोरीला चष्म्याऐवजी लोंबणारा छोटा स्क्रूड्रायव्हर.

"ह्यो कपाट हितंच राहनार?" त्यांनी विचारलं.

"हो."

"घराचं दार उघडं ठेवता का?"

"संध्याकाळी ठेवू की. वाऱ्यासाठी."

"मंग झालाच," असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, आरशावर टाकला आणि वरून कपाटाच्या दारात चेपला. "तुमचा आरसा माज्या घरात येतोय."

वैशाली, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून हे बघत होती. ती सांगलीकडची. गृहस्थ काहीतरी जाणणारे असावेत असं तिला वाटलं. पदर सावरून ती हळूच म्हणाली, "काका, वास्तूत काही दोष आहे का हो?"

"वास्तूत नाय, सूनबाई. रिफ्लेक्शनमदी हाय."

वैशालीने संध्याकाळी दाराला लिंबू-मिरची बांधली. दुसऱ्या दिवशी मोरूभाऊंनी तीही तपासली. बोटाने लिंबू फिरवून, वाकून, एक डोळा मिटून. "चालेल," म्हणाले. "लिंबू चमकत नाय."

मोरूभाऊ मूळचे माहीमचे. मुंबईचं नव्हे, केळव्याजवळचं. हा खुलासा ते न विचारता करतात आणि तो करताना मुंबईच्या माहीमने आपलं नाव चोरल्यासारखा चेहरा करतात. गावाला भावांची वाडी आहे, नारळ आहेत, पानवेली आहेत. पण मोरूभाऊंचं सगळं आयुष्य गेलं तारापूरच्या एमआयडीसीत, एका रसायनांच्या कारखान्यात. इन्स्ट्रुमेंट खात्यात ते प्रेशरच्या आणि तापमानाच्या घड्याळांची देखभाल करायचे. काटा अडकला की काचेवर टिचकी मारायची. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, टिचकी सुटली नाही. गॅसच्या सिलिंडरला टिचकी, कलिंगडाला टिचकी, बँकेतल्या काउंटरच्या काचेला टिचकी. एकदा जेवण झाल्यावर मी त्यांच्या शेजारी ढेकर देत बसलो होतो, तर माझ्या पोटावर टिचकी मारून कान लावला आणि म्हणाले, "जाधव, व्हॉल्व्ह उघडा हाय तुमचा."

अशा माणसाच्या घरात, आम्ही यायच्या थोडेच दिवस आधी, ते यंत्र आलं.

त्यांचा भाचा ठाण्याला असतो. त्याला कॉम्प्युटरवरच्या खेळांचं वेड. डोक्याला चष्मा लावायचा आणि भलत्याच दुनियेत जायचं, असा खेळ. त्याने नवा चष्मा घेतला आणि जुना सगळा सरंजाम, कॉम्प्युटरसकट, मामाला आणून दिला. डोळ्यांवर बांधायचा एक काळा डबा, त्याला सगळे चष्माच म्हणायचे. दोन हातांत धरायच्या दोन मुठी. आणि भिंतीवर लावायचे, मुठीएवढेच दोन चौकोनी डबे. नव्या चष्म्याला हे भिंतीवरचे डबे लागतच नाहीत, म्हणून तर भाच्याने जुने दिले. पण मोरूभाऊंचा जीव जडला तो नेमका ह्या डब्यांवर.

"जाधव, ह्या दिवादांड्या हायत," ते मला पहिल्यांदा समजावताना म्हणाले. "सातपाटीची बोट अंदारात कशी वलखते आपन कुटं हाव ते? तसा. ह्यो डबा खोलीभर उजेड फिरवतो. आपल्याला दिसत नाय, पन चष्म्याला दिसतो, मुठीला दिसतो. त्याच्यावरनं मशीनला कळतं मानूस कुटं उबा हाय, हात कुटं हाय. फक्त एकच हाय. नजर पायजे. डब्याची नजर मुठीवर पायजे. मदी कोन आला, का कुटं चकाकलं, की बोट खडकावर!"

"नजर पायजे" हे त्यांचं पालुपद. बोलताना दोन बोटं आधी स्वतःच्या डोळ्यांकडे आणि मग तुमच्या डोळ्यांत जवळजवळ खुपसतात.

डबे समोरासमोरच्या कोपऱ्यांत, डोक्याच्या वर, जरा खाली मान घालून बसवायचे असतात. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायचं नाही असं घरमालकाने बजावलेलं. म्हणून मोरूभाऊंनी सातपाटीहून दोन बांबू आणले. बोंबील वाळत घालायच्या मांडवाचे, उन्हापावसात मुरलेले. कोपऱ्यांत ते उभे केले, ओळंबा लावून सरळ केले आणि वर डबे बांधले. दिसायला झकास. पण बांबूंना इतक्या वर्षांच्या बोंबलांचा वास. दुपारपर्यंत गल्लीतली यच्चयावत मांजरं त्यांच्या गॅलरीत. एक बोका तर बांबूवर चढून डब्याच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने डब्याला मान घासायला सुरुवात केली. त्या वेळी मोरूभाऊ चष्मा लावून कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर उभे होते. बोक्याने डबा ढकलला तसा त्यांचा डोंगर कलला.

"भूकंप! सुमन, भूकंप!" ते ओरडले आणि जमिनीवर आडवे झाले.

सुमनकाकू वेताच्या खुर्चीत बसून लसूण निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "बोका हाय," म्हणाल्या. "उटा."

काकूंबद्दल सांगायला हवं. आम्ही यायच्या वर्षभर आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. पाय सावरला. जीभ तर, मोरूभाऊंच्या म्हणण्याप्रमाणे, होती त्याहून सुधारली. पण डावा हात मागे राहिला. तो त्या पदराखाली मांडीवर ठेवत आणि लसूण, शेंगा, सगळं एका उजव्या हाताने निवडत. कुणी त्या हाताकडे बघितलेलं त्यांना आवडत नसे. पूर्वी त्या पानमोड्या करायच्या, केळीच्या पानात घालून भाजलेल्या, आणि सगळ्या बिल्डिंगला वाटायच्या असं शेजारी सांगत. आम्ही आलो तेव्हा ते बंद झालं होतं. काकूंना बिचाऱ्यांना ह्या वयात हे नवऱ्याचं खेळणं सहन करावं लागतंय, असं मला वाटायचं.

बांबू गेले, पंख्याच्या जुन्या स्टँडांचे दांडे आले. मांजरं गेली. मग जमिनीची भानगड निघाली.

चष्म्याला आधी जमीन दाखवावी लागते. दोन्ही मुठी फरशीवर ठेवायच्या आणि मशीनला सांगायचं, ही बघ जमीन. मोरूभाऊंचे गुडघे वाकायला कुरकुरतात. म्हणून त्यांनी मुठी ठेवल्या पलंगावर. मशीनने पलंगालाच जमीन मानलं. त्यानंतर चष्मा लावला की मोरूभाऊ गुडघ्यांपर्यंत जमिनीत पुरलेले. तिथली टेबलं त्यांच्या गळ्याशी, तिथली माणसं त्यांच्याहून दीड हात उंच.

"ही फॉरेनची मानसं असतातच उंच," असं त्यांनी मला दोन आठवडे ऐकवलं. एकदा त्या दुनियेतल्या कुत्र्याकडेही त्यांना मान वर करून बघावं लागलं, तेव्हा त्यांना शंका आली.

मग घरघंटीची भानगड. मोरूभाऊंच्या डोक्यावर मिश्राजी राहतात. एका कारखान्यात सुपरवायझर. त्यांच्याकडे पीठ दळायची घरघंटी. ती सुरू झाली की स्लॅब थरथरे, दांडे थरथरत आणि डब्यावरचा हिरवा दिवा जांभळा होई. जांभळा म्हणजे डबा हलतोय. मोरूभाऊ तसेच, चष्मा कपाळावर सरकवून, दोन्ही हातांत मुठी, वर गेले. मिश्राजींच्या बायकोने दार उघडलं आणि किंचाळून लावून घेतलं.

"भाऊ, आटा तो पिसना पड़ेगा न!" मिश्राजी दाराच्या फटीतून म्हणाले.

"पिसो ना, हम कुटं ना बोलता है! लेकिन हमारा दिवादांडी हिलता है!"

"क्या हिलता है?"

"दिवादांडी! समुंदर में रहता है ना, वो!"

मिश्राजींनी मला फोन करून विचारलं की, भाऊंच्या घरी समुद्र कधीपासून आला. शेवटी तह झाला. मोरूभाऊ दुपारी झोपतील तेव्हा मिश्राजींकडे दळण. त्या दिवसापासून मोरूभाऊंना दुपारी झोप येईनाशी झाली, डोक्यावर घरघंटी चालत असल्यामुळे. पण शब्द दिला होता, म्हणून ते डोळे मिटून पडून राहत.

ह्या सगळ्यांहून मोठा वैरी म्हणजे चकाकणारी वस्तू. डब्याचा उजेड आरशावरून परतला की मशीनला वाटतं, माणूस दोन ठिकाणी आहे. मग तिथला हात इथे आणि इथला हात गॅलरीबाहेर. मोरूभाऊंनी घरातला आरसा झाकला. टीव्हीवर चादर. शोकेसच्या काचेला वर्तमानपत्र. स्टीलच्या डब्यांचं मांडण तर आतल्या खोलीत हलवलं, तिथे काकूंना पोहे शोधायला काठी घेऊन जावं लागे. काचेतल्या गणपतीला नमस्कार करून त्यांनी विनंती केली आणि त्यालाही झिरझिरीत पडदा लावला. "देवा, पाच मिन्टं," असं म्हणून. तो पडदा अजून आहे.

घर संपल्यावर ते जिन्यावर आले. जिन्यावरची नोटीसबोर्डाची काच त्यांनी एका सकाळी काढून ठेवली. तेव्हा मात्र सोसायटीचे सेक्रेटरी नाईकसाहेब खवळले. तक्रारी साठल्याच होत्या. मांजरं, दळण, लोकांच्या घरात जाऊन टाकलेले टॉवेल. रविवारी सकाळी ते कमिटीची दोन माणसं घेऊन मोरूभाऊंच्या घरी आले. समोर राहतो म्हणून मलाही बोलावलं.

नाईकसाहेब भारदस्त गृहस्थ. हात मागे बांधून, घसा साफ करून बोलतात. आणि त्यांना टक्कल आहे. साधं टक्कल नव्हे. रोज सकाळी खोबरेल लावून निगा राखलेलं, ट्यूबलाइट ज्यात सबंध दिसावी असं.

"मोरेश्वरराव," त्यांनी सुरुवात केली, "सोसायटी म्हटली की काही नियम असतात..."

मोरूभाऊ त्यांच्या डोळ्यांकडे बघतच नव्हते. ते बघत होते जरा वर. एकदा डब्याकडे, एकदा टकलाकडे. मग ते उठले, आत गेले आणि माकडटोपी घेऊन आले.

"सायेब, आदी ही घाला."

"कशासाठी?"

"तुमी रागावू नका. पन तुमचा डोका सिग्नल परत पाटवतो."

कमिटीतला एक जण खिडकीबाहेर बघायला लागला आणि त्याचे खांदे हलायला लागले. नाईकसाहेब लालबुंद झाले. आता हे मोरूभाऊंना घराबाहेर काढतात की काय असं मला वाटलं. पण खुर्चीतून काकू शांतपणे म्हणाल्या, "घाला हो भावजी. माजी पन कानातली काडून ठेवलीत त्यांनी. लग्नातली."

काकूंनी म्हटल्यावर नाईकसाहेबांचा इलाज चालेना. एप्रिलच्या उकाड्यात, हाफशर्टावर, ते माकडटोपी घालून बसले. टोपी घातल्यावर माणसाचं भाषण होत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. ते "नियम" म्हणत आणि ते टोपीच्या आतच राही. शेवटी, "असतं तरी काय ह्या यंत्रात?" असं त्यांनी विचारलं आणि पुढच्या क्षणाला मोरूभाऊंनी टोपीवरून चष्मा बांधलासुद्धा.

तिथे एक उंच इमारत असते. इमारतीतून बाहेर आलेली एक फळी. तिच्यावरून चालायचं. फरशीवर उभं राहून नाईकसाहेब घामाघूम झाले. "मोरेश्वरराव, माझा हात धरा! खाली रस्ता आहे! मोटारी जातायत!" आणि मग भारदस्त नाईकसाहेब गुडघ्यांवर बसले, हात टेकले आणि हॉलच्या मधोमध रांगायला लागले. रांगत रांगत ते काकूंच्या खुर्चीपर्यंत पोहोचले आणि खुर्चीचा पाय त्यांनी असा काही मिठीत घेतला की, बुडत्याला बोटच सापडली.

"उतरलो का?" टोपीतून क्षीण आवाज आला.

"उतरलात," काकू म्हणाल्या. "चा घेनार?"

चहा पिऊन नाईकसाहेब गेले. जाताना, "नोटीसबोर्डाची काच तेवढी परत लावा," एवढंच म्हणाले. तक्रारीचं पुढे काहीच झालं नाही. उलट, फळी पार करता येते का हे बघायला ते दोनदा येऊन गेले. स्वतःची टोपी घेऊन.

त्या रविवारी सगळे गेल्यावर मी खुर्च्या उचलायला थांबलो. मोरूभाऊंनी कॉम्प्युटरवरचा खेळ बदलला, फळी गेली. आणि काकूंनी लसणाची परडी बाजूला ठेवली.

"जाधव हायत," त्या म्हणाल्या. "नको आज."

"जाधव घरातलाच हाय," मोरूभाऊ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमी कॉम्प्युटरकडं बसा. दिवं बगा. हिरवं हायत ना, तेवडंच सांगा."

मी बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात दोन्ही डब्यांचे दोन बारीक दिवे दिसत होते. मोरूभाऊंनी काकूंच्या डोळ्यांवर चष्मा बांधला, केस अडकू नयेत म्हणून अंबाडा आधी हलकेच वर उचलून. उजव्या हातात मूठ दिली. मग ते खाली बसले. जे फरशीवर मुठी ठेवायला वाकत नव्हते, त्याच गुडघ्यांवर. पदराखालचा डावा हात त्यांनी बाहेर काढला, एकेक बोट सरळ केलं, मुठीभोवती मिटवलं आणि जुन्या साडीच्या मऊ पट्टीने मूठ हाताला बांधली. हे त्यांचं रोजचं होतं, हे माझ्या लक्षात आलं.

खेळ साधा. बागेत रंगीत फुगे वर जातात, हात वर करून फोडायचे. काकूंना दिसत होतं तेच मला पडद्यावर दिसत होतं. उजव्या हाताने त्यांनी पटापट फुगे फोडले. "ह्यो गेला. ह्यो पन गेला, मेला." खुर्चीतल्या काकू मला अशा खुशीत कधीच दिसल्या नव्हत्या. मग डावीकडून एक पिवळा फुगा आला. काकूंचा डावा हात मांडीवरून उठला. थरथरत छातीपर्यंत आला. तिथे अडला. फुगा निघून गेला आणि हात खाली पडला.

काकूंचा चेहरा चष्म्यात झाकलेला होता. पण तोंड मिटलेलं दिसलं. "नाय आला," त्या म्हणाल्या. "ह्या हातात जीवच नाय. काडा हे."

"आला की!" मोरूभाऊ ताडकन उठले. "मी बगितला ना, पार खांद्याच्या वर आला व्हता तुजा हात! डब्याचीच नजर चुकली. कुटंतरी चकाकलं बग. जाधव, दिवा गेला ना?"

मी पडद्याकडे बघितलं. दोन्ही दिवे स्वच्छ हिरवे. पडद्यातला हात काकूंच्या हाताबरोबर उठला होता, त्यांच्या हाताबरोबर छातीशी अडला होता, त्यांच्या हाताबरोबर खाली आला होता. यंत्र सुताइतकंही चुकलं नव्हतं.

मी मोरूभाऊंकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. "नजर पायजे" म्हणताना डोळ्यांत बोटं खुपसणारा हा माणूस नुसता बघत होता.

"हो काकू," मी म्हणालो. "दिवा गेला होता. आत्ता आला बघा."

"बगितलंस?" मोरूभाऊ म्हणाले आणि लगेच स्टुलावर चढून त्यांनी डबा फडक्याने पुसला. मग माझ्या घरात गेले, दार उघडलं, बंद केलं, परत आले. "जाधवांचा आरसाच व्हता. टॉवेल घसरला व्हता. आता मार."

काकूंनी पुन्हा हात उचलला.

नंतर मोरूभाऊंनी मला जिन्यात गाठून सांगितलं. पालघरच्या डॉक्टरांनी व्यायाम दिला होता, हात रोज वर करायचा. काकू भिंतीसमोर उभ्या राहत, हात उठत नसे. मग त्या रडत. मग त्यांनी व्यायामच सोडला. भाच्याकडे काकूंनी एकदा सहज हा चष्मा लावला, तेव्हा समोर आलेल्या फुग्याला घालवायला त्यांचा डावा हात आपोआप जरासा हलला. जरासाच.

"तिला वाटाय नको ना, हात चुकला," मोरूभाऊ म्हणाले. "चुकला तर डबा चुकला. आरसा चुकला. मिश्राची घरघंटी चुकली. कोन पन चुकंल, तिचा हात नाय."

मी म्हटलं, "पण भाऊ, बंद दारातून आरशाचं काही येत नाही ना?"

"नाय येत," ते म्हणाले. "मला नाय म्हायती?" आणि जिन्याच्या कठड्याला एक टिचकी मारून वर निघून गेले.

पुढचे काही महिने बिल्डिंगमध्ये मोरूभाऊंनी किती वस्तूंना दोषी ठरवलं त्याला गणती नाही. खालच्या मजल्यावरच्यांची नवी स्कूटर. वैशालीच्या मंगळसूत्राच्या वाट्या. कुणाच्या तरी दाराशी ठेवलेला ताजा पापलेट, खवल्यांमुळे. वैशालीला मी खरं सांगितलं होतं. ती आपणहून जाऊन काकूंना सांगायची, "अहो, आज आमचाच आरसा उघडा राहिला हो." मिश्राजींना कुणी सांगितलं कोण जाणे, पण तेही एकदा जिन्यातून ओरडले, "माफ करना भाभीजी, चक्की चल रही थी!" चक्की त्या दिवशी बंद होती. दुरुस्तीला गेली होती.

काकूंचा हात कधी खांद्यापर्यंत येई, कधी येत नसे. पण चष्मा लावायला त्या नको म्हणेनाशा झाल्या.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी मोरूभाऊ मला बोलवायला आले. चेहरा पडलेला. गॅलरीकडचा डबा खरोखरच बिघडला होता. दिवा लाल लुकलुकत होता आणि आतून बारीक करकर ऐकू येत होती. टिचकी मारून झाली होती.

"आतली मोटर गेली वाटतं," मी म्हणालो.

"आज मात्र डब्बाच गेला हां," खुर्चीतून काकू म्हणाल्या.

तो "मात्र" मी ऐकला. मी काकूंकडे बघितलं. त्या लसणाच्या परडीत बघत होत्या, ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. मोरूभाऊंच्या ध्यानातही आलं नाही. ते स्टूल ओढत होते.

स्टूल जुनं, एक पाय आखूड. मोरूभाऊ वर चढले, गळ्यातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि डब्याचा स्क्रू फिरवायला लागले. तोंडाने डब्याला शिव्या चालू. "इतके दिवस चालला आनि आता दगा देतो? नजर गेली तुजी?" मी खाली कॉम्प्युटरच्या वायरी सोडवत होतो. शिव्यांच्या भरात मोरूभाऊंनी एक हात झटकला आणि स्टूल कललं.

मी उठेपर्यंत काकू खुर्चीतून पुढे झाल्या होत्या. त्यांनी स्टुलाचा पाय धरला. उजव्या हातात लसणाची परडी होती, ती त्यांनी सोडली नव्हती. स्टूल धरलं होतं ते डाव्या हाताने. पाचही बोटांनी, घट्ट.

"पडाल ना," त्या वैतागून म्हणाल्या. "बगून चडा."

त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांचं लक्ष मोरूभाऊंच्या पायांकडे होतं.

मोरूभाऊंनी खाली बघितलं. शिव्या थांबल्या. मग त्यांनी मान पुन्हा वर केली आणि स्क्रूड्रायव्हर फिरवायला लागले.

"निगाला का?" काकूंनी विचारलं.

"नाय निगत," मोरूभाऊ म्हणाले. "लय घट हाय. तू धरून रा."

स्क्रू केव्हाच निघाला होता. तो माझ्या पायाशी फरशीवर पडला होता. मी त्याच्यावर पाय ठेवला. मोरूभाऊ वर उभे राहून रिकाम्या भोकात स्क्रूड्रायव्हर फिरवत राहिले.